उजनीकाठची क्षेत्रकार्याची वही

समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींच्या वह्यांमध्ये एक वाक्य सतत भेटतं : ‘महिलांमध्ये जागृतीचा अभाव दिसून आला.’ गाव बदलतं, साल बदलतं, विद्यार्थी बदलतो, वाक्य तेच राहतं. त्याच्या आगेमागे ‘आज संस्थेस भेट दिली’, ‘बचत गटाचे महत्त्व पटवून दिले’, ‘ग्रामस्थांचा उत्तम प्रतिसाद लाभला’ ही वाक्यंही ठरलेलीच असतात. त्यांत खोटं काही नसेलही. पण लिहिणारा त्यांत कुठेच सापडत नाही. अभाव कुणाला दिसला, कशावरून दिसला, किती वाजता दिसला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आणि लिहिणाऱ्यालाही कळलेलं नसतं, ही मला जास्त गंभीर गोष्ट वाटते.

ज्या बैठकीनंतर ही वाक्यं लिहिली जातात, तीच बैठक दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेली पाहू. पुढची नोंद मी नमुन्यादाखल रचलेली आहे, पण करमाळा किंवा माढा तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून असलेल्या कुठल्याही गावात ती घडू शकेल.

‘बैठक अकराची ठरवली होती. पावणेबारापर्यंत तिघीच आल्या. त्यातल्या एकीला सासूने पाठवलं होतं. बाकीच्या आल्या नाहीत म्हणून मी मनातून चिडले होते. निघताना अंगणवाडीच्या ताईंकडून कळलं, की खुरपणीला जाणाऱ्या बायका आठलाच टेम्पोत बसून केळीच्या बागेत जातात. मासे धरणाऱ्या घरांतल्या बायका पहाटेपासून जाळ्यातले मासे सोडवत असतात, अकराला त्यांची जेमतेम भाकरी होते. अकराची वेळ मी टेंभुर्णीहून येणाऱ्या एसटीवरून धरली होती. या गावात अकरा वाजता मोकळी असणारी बाई कोण असते? आलेल्या तिघींपैकी दोघींच्या घरी ऊस आहे आणि शेतावर गडी आहे. म्हणजे मी ज्यांच्यासाठी बैठक घेतली त्या येऊच शकणार नाहीत अशी वेळ मीच निवडली. पुढची बैठक रात्री जेवणं झाल्यावर. पण मग परतीची गाडी नाही. मुक्कामाचं ताईंना विचारायचं.’

दोन्ही नोंदी एकाच दिवसाच्या. पहिलीत बायका अडाणी ठरल्या आणि विद्यार्थिनीचं काम पूर्ण झालं. दुसरीत तिला राग आला, त्या रागाचं कारण तिने शोधलं, गावातल्या कामाच्या वेळा कळल्या, वेळेमागची वर्गवारी दिसली आणि पुढच्या भेटीत काय बदलायचं ते ठरलं. या दुसऱ्या प्रकारच्या लिहिण्याला चिंतनपर रोजनिशी म्हणतात. समाजकार्याच्या शिक्षणात तिला आज जगभर मोठं स्थान आहे, आणि ते का आहे हे समजून घ्यायला उजनीच्या काठासारखी जागा नाही.

भारतात समाजकार्याचं औपचारिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं. क्लिफर्ड मॅन्शार्ड नावाच्या अमेरिकी मिशनऱ्याने नागपाड्यात कामगार वस्तीसाठी नेबरहूड हाउस चालवलं होतं. त्या अनुभवाच्या पायावर सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभं राहिलं, आणि तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झालं. वस्ती आधी आणि वर्ग नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुण्यात १९६३ साली कर्वे समाजसेवा संस्था निघाली. सोलापुरात वालचंद महाविद्यालयात समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, आणि शेजारच्या तुळजापुरात टाटा संस्थेने १९८०च्या दशकात ग्रामीण परिसर उभा केला. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. आठवड्यातले साधारण दोन दिवस, पंधराएक तास, विद्यार्थी वर्गाबाहेर असतो. त्याला क्षेत्रकार्य म्हणतात, मुलांच्या तोंडी ते ‘फील्डवर्क’. शिवाय ग्रामीण शिबिर असतं, आणि अभ्यासक्रमाच्या शेवटी सलग काही आठवडे एका संस्थेत काढायचे असतात. प्रत्येक भेटीचं ‘रेकॉर्डिंग’ लिहून द्यायचं, मग मार्गदर्शक शिक्षकांबरोबर एकट्याने चर्चा, म्हणजे ‘आयसी’, आणि गटाने चर्चा, म्हणजे ‘जीसी’. ही अक्षरं समाजकार्याच्या मुलांना आईवडिलांच्या नावाइतकी पाठ असतात.

रेकॉर्डिंगची परंपरा जुनी आहे. मेरी रिचमंड यांचं ‘सोशल डायग्नोसिस’ १९१७ साली आलं तेव्हापासून व्यक्तीची माहिती नीट गोळा करून लिहिणं हा या व्यवसायाचा पाया मानला गेला. पण त्या लिहिण्याचा सगळा झोत समोरच्या माणसावर होता. लिहिणाऱ्यावरही तो वळवावा, हा विचार वेगळ्या वाटेने आला. जॉन ड्यूई यांनी १९१० साली ‘हाउ वुइ थिंक’मध्ये अनुभव आणि त्यावरचा विचार यांच्यातला फरक मांडला : अनुभव घेतला म्हणजे माणूस शिकला असं होत नाही, अनुभवाकडे वळून पाहिलं की शिकणं सुरू होतं. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’मध्ये त्यात एक महत्त्वाची भर घातली. काम चालू असतानाचं चिंतन वेगळं आणि काम झाल्यावरचं चिंतन वेगळं, असं त्यांनी दाखवलं. बैठकीत बायका मोकळ्या बोलताहेत, तेवढ्यात सरपंचबाईंचे पती येऊन खुर्चीवर बसतात आणि सगळ्या गप्प होतात. तिथल्या तिथे प्रश्न बदलून विषय पाण्याच्या टाकीवर नेणं हे पहिल्या जातीचं शहाणपण. रात्री वहीत ‘ते आल्यावर मीही खुर्ची सोडून उभी का राहिले?’ असं लिहिणं हे दुसऱ्या जातीचं. रात्रीचं लिहिणं पुरेसं झालं की हळूहळू बैठकीतलं भान वाढतं.

ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ साली मांडलेलं चक्र अनेक महाविद्यालयांत शिकवतात. काय घडलं, काय वाटलं, त्यात बरं-वाईट काय होतं, त्याचा अर्थ काय, आणखी काय करता आलं असतं, आणि पुढच्या वेळी काय करणार, असे त्याचे सहा टप्पे आहेत. टेरी बॉर्टन यांनी १९७० साली तीन प्रश्नांत भागवलं होतं : काय? मग काय? आता काय? नवख्या विद्यार्थ्याला मी हे तीन प्रश्नच सुचवीन. सहा टप्प्यांचा छापील तक्ता हातात आला की मुलं रकाने भरायला लागतात, आणि ‘काय वाटलं’ या रकान्यात ‘समाधान वाटले’ असं लिहून मोकळी होतात.

आता उजनी.

भीमा नदीवर माढा तालुक्यातल्या उजनी गावापाशी बांधलेल्या या धरणाची पायाभरणी १९६६ साली झाली आणि १९८० साली ते पूर्ण झालं. जलाशयाला यशवंतसागर नाव आहे. साठवण सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीवर, मृतसाठा. त्यामुळे इथे ‘धरण मायनसमध्ये गेलं’ हे वाक्य वर्तमानपत्रात आणि पारावर सारख्याच सहजतेने येतं. फुगवटा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा-माढ्यापासून पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर-दौंडपर्यंत आणि पलीकडे कर्जतपर्यंत पसरला आहे. धरणाने नदीकाठची गावं उठवली. त्याच धरणाच्या कालव्यांनी मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या कोरड्या रानांत ऊस उभा केला, सोलापूर शहराला प्यायचं पाणी दिलं. आणि फुगवट्याच्या काठावर, जिथे उठलेल्यांपैकी अनेक जण राहिलेल्या जमिनीवर किंवा नव्या गावठाणात वसले, तिथे विजेच्या मोटारी लागल्या, पाइपलाइनी गेल्या. करमाळा तालुक्यातल्या कंदरची केळी परदेशी जाते ती याच पाण्यावर.

सोलापूर शहरातून, कदाचित साखर पेठेतल्या किंवा विडी घरकुलातल्या घरातून, इथे येणारा विद्यार्थी मनात एक चित्र घेऊन येतो. धरणग्रस्त, म्हणजे विस्थापित, म्हणजे पीडित. पुस्तकात विस्थापनावर प्रकरण असतं, त्यातून हे चित्र पक्कं झालेलं असतं. मग पहिल्याच घरी अंगणात ट्रॅक्टर, दारात मोटारसायकल, आणि आजोबा म्हणतात, “आमचं जुनं गाव पाण्यात गेलं, पोरा.” विद्यार्थी गोंधळतो. वहीत काय लिहायचं? ट्रॅक्टर गाळून आजोबांचं वाक्य लिहिलं की चित्र जुळतं. अनेक वह्यांत ते तसंच जुळवलेलं असतं.

चिंतनपर नोंद इथे उपयोगी पडते, कारण ती विद्यार्थ्याला स्वतःच्या गोंधळाजवळ थांबवते. मला ट्रॅक्टर का खुपला? पीडित माणसाने गरीबच दिसलं पाहिजे असं मी कुठे शिकलो? आजोबांचं दुःख खरं नाही असं मला क्षणभर वाटलं का? हे प्रश्न लिहिले की पुढच्या भेटीत तो आणखी नीट पाहतो. मग त्याला दिसतं, की या एकाच काठावर चार निरनिराळी पाणी आहेत. जमीन राखता आलेल्या शेतकऱ्याचं पाणी. ज्याची सगळीच गेली आणि पुनर्वसनाची जमीन लांब कुठे मिळाली त्याचं पाणी. चिलापी, कटला, रोहूवर जगणाऱ्या मच्छीमाराचं पाणी, ज्याची झोपडी पाणी हटेल तशी पुढे सरकते. आणि हंगामात ऊस तोडायला येणाऱ्या मजुरांचं पाणी, ज्यांचा या धरणाच्या कुठल्याच यादीशी संबंध नाही. उन्हाळ्यात फुगवटा आटला की शेतकरी चारी खणून पाणी मोटारीपर्यंत ओढतात, केबल आणि पाइप वाढवत नेतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, आणि ती कुणी करायची यावरून वाद होतात. शिवाय पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. हिरवं पडलेलं पाणी आणि जलपर्णी पाहून मच्छीमार ज्या शहराला शिव्या देतो, त्या शहरात काठावरच्या अर्ध्या घरांतली पोरं नोकरीला असतात. ‘धरणग्रस्तांच्या समस्या’ या शीर्षकाखाली हे मावत नाही. वहीत मावतं, कारण वहीला शीर्षकाची सक्ती नसते.

काठावरची आणखी एक गोष्ट विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून ओळखायला हवी. वही आणि पेन घेऊन येणारा माणूस इथे नवा नाही. भूसंपादनाचे कर्मचारी आले, तलाठी आले, पुनर्वसनाचे अधिकारी आले, पुढारी आले, बातमीदार आले. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला, देशात अशा कायद्यांत तो आघाडीचा होता. पण उजनीचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. पुढे कायदा बदलला, १९९९चा आला, पुनर्वसित गावठाणांत द्यायच्या नागरी सुविधांची यादी झाली, प्रकल्पग्रस्त दाखल्यावर सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण मिळालं. दाखला कुणाच्या नावे घ्यायचा यावरून भावाभावांत अबोला झालेली घरं आहेत. त्यामुळे विद्यार्थिनीने ओसरीवर बसून वही उघडली, की आजी विचारतात, “मॅडम, आमचं नाव यादीत येईल का?”

या एका प्रश्नावर पानभर लिहिता आलं पाहिजे. मी काय उत्तर दिलं? ‘मी विद्यार्थिनी आहे’ हे मी आल्या आल्या सांगितलं होतं, की प्रश्न आल्यावर? ‘बघू, वर कळवते’ असं माझ्या तोंडून गेलं का? गेलं असेल तर का? नाही म्हणायची लाज वाटली म्हणून, की ‘मॅडम’ म्हटल्यावर बरं वाटलं म्हणून? फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ साली व्यक्तिसहाय्य कार्यातल्या नात्याची सात तत्त्वं सांगितली. स्वीकार, गुप्तता, स्वयंनिर्णय, संयत भावनिक गुंतवणूक ही त्यातली. परीक्षेत ती सगळ्यांना येतात. पण ‘बघू’ हा एक शब्द उच्चारल्यावर आजी पुढच्या आठवड्यात सातबारा, जुन्या पावत्या आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला पिशवीत घालून वाट पाहत बसतात, तेव्हा त्या तत्त्वांचं वजन कळतं. मग वहीतली नोंद कृतीकडे वळली पाहिजे : जिल्हा पुनर्वसन कार्यालयात कुठला अर्ज लागतो ते शोधायचं, आजींना ते स्वच्छ सांगायचं, आणि माझ्या हातात काय नाही तेही तितकंच स्वच्छ सांगायचं.

वही समोर उघडावी की नाही, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या काही भेटींत उघडू नये. बोलणं संपल्यावर, एसटीच्या थांब्यावर किंवा शाळेच्या कट्ट्यावर बसून महत्त्वाचे शब्द टिपावेत आणि त्याच रात्री पूर्ण लिहावं. दुसऱ्या दिवसावर ढकललं की मन घटनेला आपल्या सोयीचा आकार देतं. मोबाइलमध्ये बोलून ठेवायचं असेल तर चालेल, पण नंतर ते हाताने उतरवावं, कारण उतरवताना हात जिथे अडखळतो तिथेच बहुधा विचार करण्यासारखं काही असतं. आणि आपल्या बोलीत लिहावं. सोलापूरच्या वर्गात तेलुगू, कन्नड, दखनी बोलणाऱ्या घरांतली मुलं असतात. त्यांना ग्रांथिक मराठीत लिहायला लावलं की ‘दिसून आले’ची वाक्यं सुरू होतात. शिक्षकांना द्यायची प्रत नंतर नीटनेटकी करता येते.

प्रामाणिक वहीत लिहिणाऱ्याचं कुरूप मनही येतं. ते येऊ द्यावं. मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मॅलिनॉव्स्की यांची खासगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ साली छापली गेली तेव्हा अभ्यासकांना मोठा धक्का बसला. लोकांमध्ये राहून त्यांच्या नजरेने जग पाहावं, हा ज्यांनी जगाला धडा दिला, त्यांनी स्वतःच्या रोजनिशीत त्याच लोकांबद्दल तिटकारा, कंटाळा, चिडचिड लिहून ठेवली होती. अनेकांनी त्यांना ढोंगी म्हटलं. मला त्यातून वेगळं दिसतं. त्यांनी तो तिटकारा निदान लिहिला. फक्त त्यावर परत जाऊन विचार केल्याची खूण तिथे फारशी दिसत नाही. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने दुसरी पायरी चढायची असते. मासळीच्या वासाने मळमळलं, दिलेला चहा ओठाला लावून ठेवून दिला, दारू प्यायलेल्या माणसाशी बोलताना किळस आली, हे लिहावं, आणि खाली हेही लिहावं की माझ्या वागण्यातून ते त्या घराला कळलं का. लोकांना बहुतेक वेळा कळतंच.

जातीचं असंच. काठावरच्या गावात नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ‘आडनाव काय?’ हा येतो. तो प्रश्न कुणी विचारला, उत्तर ऐकून चेहरा बदलला का, पाणी ओसरीवर मिळालं की आत, कुठल्या वस्तीत जाऊ नका असं कुणी सुचवलं आणि मी गेले की नाही, हे सगळं वहीत यायला हवं. ज्याच्या आडनावाने दारं उघडतात त्याने ती उघडताना पाहावीत. ज्याच्या आडनावाने मिटतात त्याला तर ही नोंद कोरडेपणाने लिहिणंही अवघड जातं, आणि मार्गदर्शकाने ते ओळखून आयसीत त्याच्याशी बोललं पाहिजे. इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीतल्या बायकांचे जातींप्रमाणे वेगळे राहणारे गट पाहून त्यांना जे बोचलं, ते त्यांनी स्वतःला बाजूला न काढता लिहिलं. याच इरावतीबाईंनी जाई निंबकरांबरोबर कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली, ती १९६९ साली प्रसिद्ध झाली. धरणग्रस्तांचं सर्वेक्षण आणि स्वतःला तपासणारं ललित लेखन एकाच लेखणीतून उतरू शकतं, याचा एवढा जवळचा दाखला मराठी विद्यार्थ्याला दुसरीकडे शोधायला नको. तुकोबांची पालखी याच पट्ट्यातून, इंदापुरावरून, पुढे जाते.

काही घटना अशा असतात की तिथे वहीही थिटी पडते. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनीकाठच्या कुगावहून पाण्यापलीकडच्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यात लहान मुलं होती. एक जण पोहून काठावर आला. मृतदेह मिळायला दोन दिवस लागले. या काठावर होडी रोजची आहे. पाण्यापलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं आणि रस्त्याने गेलं तर मोठा वळसा पडतो. कुगाव आणि शिरसोडीच्या दरम्यान पूल व्हावा ही मागणी त्यासाठीच होती. त्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते भरलं.

अशा गावात क्षेत्रकार्याला असलेल्या विद्यार्थ्याने काय लिहावं? पहिलं, तिथे जाऊन लोकांना ‘तुम्हाला काय वाटतं’ असं विचारू नये, हे लिहावं. आपण काहीही न करता बसलो आणि ते बसणं आपल्याला जड गेलं, हे लिहावं. पाणी भरून देणं, पाहुण्यांना रस्ता दाखवणं, लहान पोरांना सांभाळणं अशी कामं हातात आली तर ती लिहावीत. विद्यार्थ्यांना आपला उपयोग नसणं सहन होत नाही, म्हणून ते अशा वेळी समुपदेशन करायला धावतात. वहीत ‘मला उपयोगी दिसायचं होतं’ असं एक वाक्य उतरलं की ती धाव थोडी आवरते. महिन्याभराने, दुःख ओसरू लागल्यावर, होडीत जीवरक्षक जाकिटं असतात का, किती माणसं बसवतात, वारा सुटल्यावर होडी सोडायची नाही हे कोण ठरवतं, हे प्रश्न ग्रामसभेत कुणाकडून मांडले जातील याची नोंद वहीत सुरू व्हावी. व्यक्तिसहाय्य कार्यातून समुदाय संघटनाकडे जाणारी वाट अशी असते.

गुप्ततेबद्दल पुस्तकं सांगतात, नाव बदला. लहान गावात ते पुरत नाही. ‘श्रीमती क, पिठाच्या गिरणीशेजारी राहणारी, नवरा होडीचालक’ एवढं लिहिलं की सगळ्या तालुक्याला कळतं. म्हणून गिरणीही काढावी, होडीही काढावी, आणि ज्या घराचं वेगळेपणच त्याची ओळख आहे त्या घराची कहाणी शिक्षकांना द्यायच्या प्रतीत लिहूच नये, आयसीत तोंडी सांगावी. वही जिथे मुक्काम आहे त्या घरात उघडी पडू देऊ नये. जलाशयातून वर आलेल्या जुन्या देवळापाशी काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर टाकताना मागे कुणाचा चेहरा आहे ते पाहावं.

गुप्ततेला मर्यादाही आहे, आणि ती विद्यार्थ्याला आधीच माहीत हवी. सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, तर ती चिंतनाची सामग्री म्हणून वहीत बंद करून ठेवता येत नाही. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली महाराष्ट्रात ग्रामीण भागात ग्रामसेवक हा प्रतिबंधक अधिकारी असतो. मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा १०९८ हा क्रमांक आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं समजलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. अशा दिवशी आधी मार्गदर्शकांना फोन, मग यंत्रणेला कळवणं, आणि रात्री वही. त्या रात्रीच्या नोंदीत भीती येईल, त्या कुटुंबाने विश्वासघातकी म्हटलं तर काय, हेही येईल. येऊ द्यावं, पण क्रम बदलू नये.

वह्यांमधला सगळ्यात मोठा अडथळा मात्र गावात नसतो, महाविद्यालयात असतो. वहीला गुण असतात. ज्या वहीत मनातली शंका लिहायची ती तपासणाऱ्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. मग ती चिंतनही परीक्षेसारखं लिहितात. थोडी हळहळ, थोडी आत्मटीका, शेवटी ‘खूप काही शिकायला मिळाले’. यावर उपाय विद्यार्थ्यापेक्षा शिक्षकाने करायचा आहे. शुद्धलेखनाच्या लाल खुणा करण्याऐवजी समासात एखादा खरा प्रश्न लिहावा : ‘त्या आजींना तू काय कबूल केलंस?’ गुण द्यायचेच असतील तर पुढच्या भेटीत काय बदललं यावर द्यावेत, भावनेच्या खोलीवर नकोत. आणि विद्यार्थ्याला दुसरी वही ठेवू द्यावी, जी कुणी पाहणार नाही. पहिलीत काय न्यायचं ते त्याने त्या दुसरीतून निवडावं. ज्या विभागांत शिक्षक स्वतःही क्षेत्रभेटीची वही लिहितात आणि जीसीत तिच्यातलं एखादं पान वाचून दाखवतात, तिथल्या मुलांच्या नोंदी आपोआप मोकळ्या होतात.

क्षेत्रकार्य मार्चच्या आसपास संपतं, उन्हाळा सुरू होताना. गावाचं खरं कठीण काम तेव्हा सुरू होतं : पाणी मागे जातं, मोटारी सरकवायच्या असतात, गाळपेरीचे वाद निघतात. विद्यार्थी नेमका त्याच वेळी परीक्षेला जातो. म्हणून निघायच्या निदान महिनाभर आधीपासून वहीत निरोपाची तयारी दिसली पाहिजे. कुणाला जाण्याची तारीख सांगितली, कोण गप्प झालं, कुणी ‘परत येशील ना, पोरी?’ असं विचारलं, त्यावर खरं उत्तर काय दिलं, हे लिहावं. शेवटच्या पानांवर कबुलीचा हिशेब मांडावा. आजींचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे आणि पोच पावती कुणाजवळ ठेवली, रात्रीच्या बैठका पुढे कोण घेणार, होडीच्या जाकिटांचा ठराव ग्रामसभेत झाला का, नसेल तर पुढच्या सभेत तो कोण मांडणार. ही पानं वहीतून वेगळी काढून संस्थेच्या कार्यकर्त्याला आणि जूनमध्ये येणाऱ्या पुढच्या विद्यार्थ्याला द्यावीत, ज्यांची कामं आहेत त्यांना विचारून. ज्यांत घरांची गुपितं आहेत ती पानं कुणालाच देऊ नयेत. ती निकाल लागेपर्यंत कुलपात ठेवावीत आणि नंतर फाडून टाकावीत.